बडोद्याहून बर्लिनला: अभ्यासदौऱ्याचे पहिले तीन दिवस कसे आखावेत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातील आपल्या महाविद्यालयाचे वास्तुकला शिकणारे अठरा विद्यार्थी जूनमध्ये तीन आठवड्यांसाठी बर्लिनला जाणार आहेत, सोबत जाणाऱ्या दोन शिक्षकांपैकी आपण एक आहात, आणि गट घेऊन परदेशी जाण्याची ही आपली पहिलीच वेळ आहे. दौरा आखणाऱ्या संस्थेने उतरल्या दिवशी दुपारी शहरदर्शनाची बस, दुसऱ्या दिवशी बर्लिनलगतचे पॉट्सडॅम आणि तिसऱ्या दिवशी देसाऊ हे शहर असा कार्यक्रम दिला आहे. पालकसभेत मात्र एकच मागणी पुन्हा पुन्हा झाली, ती म्हणजे मुलांना कुठेही एकटे सोडू नये. अशा वेळी सुरुवातीचे दिवस कसे घालवावेत, असे आपण विचारले आहे.

विद्यार्थ्यांचे गट परदेशी नेण्याचे काम मी बडोद्यात राहून बरीच वर्षे करीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत ठाम झाले आहे. पहिल्या तीन दिवसांतून तिन्ही कार्यक्रम काढून टाकावेत. त्या दिवसांचे उद्दिष्ट एकच ठेवावे: तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत अठरापैकी प्रत्येक विद्यार्थी शहराच्या कोणत्याही ओळखीच्या भागातून, कोणाचीही मदत न घेता, मुक्कामी परत येऊ शकला पाहिजे. झोप, जेवण, पैसे, घरी करायचा फोन, या सगळ्याची घडी त्या एका उद्दिष्टासाठी बसवायची आहे. पालकांची मागणी आणि हे उद्दिष्ट यांत विरोध दिसतो खरा, पण जो विद्यार्थी एकटा परतू शकतो तोच तीन आठवडे सुरक्षित असतो, आणि हे पालकांना निघण्यापूर्वीच स्पष्ट शब्दांत सांगितलेले बरे.

सर्वांत आधी झोपेविषयी लिहितो, कारण पहिल्या दिवसांतल्या बहुतेक कुरबुरी, रुसवे आणि आजारपणे अपुऱ्या झोपेतून येतात. बडोद्याची मंडळी सहसा रात्री घरून निघून द्रुतगती मार्गाने अहमदाबाद गाठतात, पहाटेचे विमान पकडतात, आखातात विमान बदलतात आणि दुपारी बर्लिनला उतरतात. म्हणजे एक संपूर्ण रात्र आधीच गेलेली असते. उन्हाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे तिथे रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा मुलांच्या शरीराला मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. उलट पहाटे चारला त्यांना टक्क जाग येते, कारण बडोद्यात तेव्हा साडेसात झालेले असतात. शरीराचे घड्याळ दिवसाकाठी साधारण तासाभरानेच सरकते. म्हणून तीनचार दिवस हा त्रास राहणारच आहे, तो कमी करणे मात्र आपल्या हाती आहे.

यात उजेडाचा वाटा मोठा आहे आणि जूनमधले बर्लिन या बाबतीत फार फसवे आहे. तिथे सूर्य पहाटे पावणेपाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. पश्चिमेकडे प्रवास केल्यावर शरीराचे घड्याळ उशिराकडे न्यायचे असते, आणि संध्याकाळचा उजेड नेमके तेच काम करतो, तर पहाटेचा उजेड ते उलट लवकरच्या वेळेकडे खेचतो. म्हणून पहिल्या तीन दिवसांत संध्याकाळी पाच ते आठ मुलांना उघड्यावर ठेवावे. जवळचे उद्यान, नदीकाठ, काहीही चालेल, पण खोलीत बसू देऊ नये. पहाटे जाग आली तरी पडदे उघडायचे नाहीत, मोबाइल हाती घ्यायचा नाही आणि सहापर्यंत अंथरुणातच पडून राहायचे, असा नियम ठेवावा. डोळ्यांवर बांधायची पट्टी प्रत्येकाने सामानात घ्यावीच. जेवण संध्याकाळी सातला उरकावे. बाहेर लख्ख ऊन असल्यामुळे मुलांना रात्र झाल्याचे जाणवत नाही, ती साडेनऊला स्वयंपाकाला लागतात, अकराला जेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळा गट पेंगत असतो. उतरल्या दिवशीची शहरदर्शनाची बस मी काढायला सांगतो ती याच कारणाने. त्या बसच्या मऊ खुर्चीत मुले तासभर गाढ झोपतात, पाहणे काहीच होत नाही आणि रात्रीची झोप तेवढी मोडते.

उतरल्या दिवशी खरे काम असते ते मुक्कामापर्यंत नीट पोहोचण्याचे. सीमेवरील तपासणीला वेळ धरून ठेवावा. युरोपीय संघाने १२ ऑक्टोबर २०२५ पासून प्रवेश आणि निर्गमनाची नोंद टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली असून, पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते आणि व्हिसाच्या वेळी दिलेले बोटांचे ठसे पडताळले जातात. तिथला अधिकारी विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे विचारतो की कशासाठी आलात, कुठे राहणार, परत कधी जाणार. त्यावर ‘सगळे बाईंकडे आहे’ असे उत्तर देऊन चालत नाही. निमंत्रणपत्र, मुक्कामाची नोंद, परतीचे तिकीट आणि किमान ३०,००० युरोंच्या संरक्षणाचा प्रवास विमा, एवढे कागद प्रत्येकाच्या स्वतःच्या पिशवीत छापील स्वरूपात असावेत आणि या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला स्वतःच्या तोंडाने देता यावीत.

विमानतळावरून शहरात येताना तिकिटाचा एक मुद्दा लक्षात ठेवावा. बर्लिनचे वाहतूक क्षेत्र ए, बी आणि सी अशा तीन पट्ट्यांत विभागलेले आहे. शहरात फिरायला ए-बीचे तिकीट पुरते, पण विमानतळ सी पट्ट्यात आहे, त्यामुळे तिथून निघताना तिन्ही पट्ट्यांचे तिकीट लागते. कागदी तिकीट घेतले असेल तर ते फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर वेळेचा छाप उमटवून घ्यावा लागतो, नाहीतर तिकीट हातात असूनही ते वैध ठरत नाही. तपासनीस पुष्कळदा साध्या कपड्यांत असतात आणि दंड ६० युरोंचा आहे, तोही प्रत्येकी. तीन आठवड्यांसाठी देशभर चालणारे मासिक तिकीट सोयीचे पडते. जानेवारी २०२६ पासून त्याचा दर ६३ युरो आहे आणि ते शहरातल्या सर्व वाहनांत तसेच प्रादेशिक गाड्यांत चालते, जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. मात्र ते कॅलेंडरच्या महिन्याचे असते आणि वर्गणीसारखे पुढे चालू राहते, म्हणून मुदतीत रद्द करायला विसरू नये. आपला दौरा जूनच्या आतच संपत असेल तर एकच रक्कम पडेल. तो जुलैत शिरत असेल तर दोनदा भरावी लागेल, आणि मग बर्लिनपुरते सात दिवसांचे तिकीट घेण्याचा हिशेब करून पाहावा.

मुक्कामी पोहोचल्यावर परदेशी पाहुण्यांना नोंदणीचा फॉर्म भरून सही करावी लागते. अठरा फॉर्म शिक्षकांनी भरत बसू नये, ज्याचा त्याने भरावा. तेवढ्यात खोल्यांच्या किल्ल्या, अंथरुणाच्या चादरी आणि कुलपाच्या कपाटांची व्यवस्था पाहून घ्यावी. स्वच्छतागृहात आपल्यासारखी पाण्याची सोय नसते, याची कल्पना निघण्यापूर्वीच द्यावी आणि प्रत्येकाला एक रिकामी बाटली जवळ ठेवायला सांगावे. हा विषय संकोचाने कोणी काढत नाही आणि मुले पहिले दोन दिवस विनाकारण अवघडतात, काही तर त्यापायी खाणेपिणेही कमी करतात.

आता जोड्यांविषयी. खोली कोणाबरोबर आणि बाहेर पडताना सोबती कोण, हे मुलांवर सोपवले तर रावपुऱ्यासारख्या एकाच भागातली दोघे एकमेकांनाच धरून राहतात, शाळेपासूनच्या मैत्रिणी एकमेकींना सोडत नाहीत आणि दोनतीन अबोल मुले कोपऱ्यात उरतात. जोड्या आपण लावाव्यात आणि निघण्याच्या महिनाभर आधी जाहीर कराव्यात. एक बोलका तर एक शांत, एक मराठी घरचा तर एक गुजराती घरचा, एकाला रस्ते चटकन कळतात तर दुसऱ्याला स्वयंपाक येतो, अशा जोड्या टिकतात. जिवलग मित्रांची जोडी सहसा लावू नये, कारण ते दोघे मिळून वाट चुकतात आणि ते कोणालाही सांगत नाहीत. बडोद्याला हे नवे नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात ते नवल भथेना या पारशी विद्यार्थ्यासोबत राहिले, आणि ते स्नेहाचे नाते आयुष्यभर टिकले. अनोळखी शहरातल्या पहिल्या दिवसांत जो शेजारच्या पलंगावर असतो, त्याचे महत्त्व शिक्षकापेक्षाही अधिक असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आधी कोणताही कार्यक्रम नको. दहाला सर्वांनी मिळून मुक्कामाभोवती पंधरा मिनिटांच्या चालण्यात येणारा परिसर पाहावा. किराणा दुकान, बेकरी, औषधांचे दुकान, पैसे काढायचे यंत्र, भुयारी रेल्वेचे प्रवेशद्वार, बसथांबा आणि रात्री उजेड असणारा रस्ता, एवढे दाखवावे. आपले विद्यार्थी वास्तुकलेचे आहेत, तेव्हा परत आल्यावर प्रत्येकाने तो परिसर हाताने कागदावर काढावा. मोबाइलवरचा नकाशा पाहून चालणाऱ्याच्या मनात रस्ता उतरत नाही, पण चितारलेला कोपरा सहसा विसरला जात नाही. त्याच कागदाच्या मागे मुक्कामाचा पत्ता आणि दोन्ही शिक्षकांचे क्रमांक लिहून तो खिशात ठेवायचा, कारण मोबाइलची बॅटरी संपते ती नेमकी वाट चुकल्यावर.

पदपथावर चालताना एक शिस्त पहिल्या तासातच लावावी. बर्लिनमध्ये अनेक ठिकाणी पदपथाचाच एक पट्टा, पुष्कळदा लालसर फरशीचा, सायकलींसाठी राखलेला असतो आणि तिथे सायकली वेगाने येतात. अठरा जणांचा घोळका इमारत पाहायला थांबला की तो नकळत त्याच पट्ट्यावर पसरतो. मुले वर बघत असतात, मागून घंटा वाजते, आणि बडोद्याच्या सवयीने ती घंटेकडे लक्ष देत नाहीत. इथे इजा होऊ शकते. थांबायचे असेल तर भिंतीलगत, असे वारंवार सांगावे. पादचाऱ्यांचा दिवा लाल असताना रस्ता मोकळा दिसला तरी ओलांडू नये, विशेषतः शेजारी लहान मुले उभी असतील तेव्हा, कारण तिथल्या लोकांना ते मनापासून खटकते.

दुपारी गाडीचा सराव घ्यावा. आपल्या मुलांना सर्वांत जास्त गोंधळात टाकते ती दिशा. फलाटावर फक्त शेवटच्या स्थानकाचे नाव लिहिलेले असते, आपल्याला जायच्या स्थानकाचे नसते. ही सवय होण्यासाठी निघण्यापूर्वी एक दिवस अहमदाबादच्या मेट्रोत गट फिरवून आणावा, तेवढ्याने निम्मी भीती जाते. बर्लिनमध्ये शिकवायला सर्वांत सोपी आहे ती शहराभोवती फिरणारी वर्तुळाकार रेल्वे. एस-४१ घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जाते, एस-४२ उलट दिशेने, आणि पूर्ण फेरीला साधारण तास लागतो. त्या मार्गावर चुकीच्या दिशेच्या गाडीत बसलेला विद्यार्थीसुद्धा थोड्या उशिराने योग्य स्थानकावरच पोहोचतो. हे कळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरताना मी अनेकदा पाहिला आहे. मुक्काम निवडण्याची संधी अजून असेल तर या मार्गावरच्या एखाद्या स्थानकाजवळची जागा मागावी.

तिसऱ्या दिवशी सकाळी जोड्यांना आलेक्झांडरप्लाट्झ या मध्यवर्ती चौकात सोडून द्यावे आणि त्यांनी आपापल्या वाटेने परत यावे. दुपारी, भर उजेडात, चारपाच स्थानकांच्या अंतरावरून प्रत्येकाने एकट्याने यावे, दर दहा मिनिटांनी एक याप्रमाणे. एका शिक्षकाने तिथे थांबावे आणि दुसऱ्याने मुक्कामाच्या दारात यादी घेऊन बसावे. वाट चुकल्यास काय करायचे याचा एकच नियम असावा: पुढच्या स्थानकावर उतरायचे, फलाट सोडायचा नाही आणि फोन करायचा. फोन आल्यावर आपण रागवायचे नाही, फक्त स्थानकाचे नाव आणि समोर दिसणारी पाटी विचारायची. चुकल्याबद्दल बोलणी खाल्लेला विद्यार्थी पुढच्या वेळी फोन करत नाही, आणि तीच खरी धोक्याची वेळ असते. ज्याला या सरावाची फार भीती वाटते त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा संधी द्यावी, पण त्यातून वगळू नये.

जेवणाच्या बाबतीत तयारी बडोद्यातच सुरू होते. खाकरे, थेपले, चिवडा, कोरडी चटणी, भाजलेला रवा आणि डाळी न्याव्यात. प्रवाशाच्या सामानातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात नेण्यास बंदी आहे, तेव्हा तूप, पनीर, श्रीखंड, पेढे घरीच राहू द्यावेत. ताजी फळे आणि भाज्यासुद्धा वनस्पती-आरोग्याच्या प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. जून हा आंब्याचा महिना आणि आजीने प्रेमाने बांधून दिलेली केसरची पेटी विमानतळावर टाकून द्यावी लागली तर मुलांना फार लागते. ताज्या कढीपत्त्याचीही तीच गोष्ट आहे. हे पालकांना लेखी कळवावे.

बर्लिनमध्ये शाकाहारी माणसाची आता चांगली सोय होते, दुकानांतल्या वेष्टनांवर शाकाहारी किंवा वीगन असल्याची खूण असते. तरी काही गोष्टी दाखवून द्याव्या लागतात. मऊ गोळ्यांत आणि काही गोड पदार्थांत प्राण्यांपासून केलेले जिलेटिन असते, अनेक चीज वासराच्या जठरातील द्रव्याने विरजलेली असतात, आणि केकमध्ये सहसा अंडे असते. जैन विद्यार्थ्यांशी आधी स्वतंत्र बोलून त्यांचा नेम कुठवर आहे हे विचारून घ्यावे, कारण घरोघरी तो वेगळा असतो. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्यांना जूनमध्ये अडचण येत नाही. कंदमुळे टाळणाऱ्यांसाठी मात्र कांदा-बटाट्याविना एक भांडे रोज वेगळे शिजवावे लागेल, त्याची पाळी पहिल्याच दिवशी ठरवावी.

आणि फोडणी. हा विषय क्षुल्लक वाटेल, पण मुक्कामाच्या मालकांशी होणारे बहुतेक वाद याच्यावरून होतात. तिथे खोल्यांमध्ये आणि अनेक ठिकाणी मार्गिकांतही धूर ओळखणारी यंत्रे बसवलेली असतात. तेल कडकडीत तापवून त्यात मोहरी, हिंग आणि मिरची टाकली, आणि स्वयंपाकघराचे दार मार्गिकेकडे उघडे असले, की तो ठसका बाहेर जातो, घंटा वाजते आणि सगळी इमारत रिकामी करावी लागते. अग्निशमन दल आले तर त्याचा खर्चही आपल्या माथी येऊ शकतो. म्हणून आधी खिडकी उघडायची, वरचा पंखा लावायचा, मार्गिकेचे दार बंद करायचे, तेल मध्यम आचेवर ठेवायचे आणि मोहरी तडतडल्याबरोबर भाजी किंवा पाणी घालायचे. शक्य असल्यास पहिले तीन दिवस फोडणीच करू नये, दहीभात, खाकरे, उकडलेली डाळ, बेकरीतला पाव यांवर भागवावे. खोलीत उदबत्ती तर कधीही लावू नये, यंत्र तिथेही असते.

पाणी नळाचे प्यावे, ते उत्तम असते. दुकानात बाटली घेतली तर ती पुष्कळदा वायू भरलेल्या पाण्याची निघते. प्लॅस्टिकच्या बाटलीमागे बहुधा २५ सेंट अनामत असते, ती बाटली चेपून न टाकता दुकानातल्या यंत्रात घालून पावती घ्यायची आणि रोखपालाकडे द्यायची. मुलांना हे काम फार आवडते. रविवारी बहुतांश दुकाने बंद असतात, मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही उघडी असतात. म्हणून शनिवारी उतरणारे विमान घेऊ नये. घेतलेच असेल तर रविवारपुरते खाणे बडोद्याहूनच सोबत असावे.

पैशांबाबत मुख्य अडचण येते ती बँकेच्या संकेतांकाची, म्हणजे मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीची. मुले तिथे पोहोचताच स्थानिक सिम घालतात आणि भारतीय सिम काढून पाकिटात ठेवतात. मग बँकेचा संकेतांक येतच नाही आणि कार्ड निरुपयोगी होते. भारतीय क्रमांक संदेश येण्यापुरता चालू राहील अशी व्यवस्था निघण्यापूर्वी करून, तो चालतो याची खात्री पहिल्याच दिवशी करावी. यंत्रातून पैसे काढताना ‘रुपयांत की युरोत’ असा प्रश्न आला तर नेहमी युरो निवडावे, रुपयांचा दर महाग पडतो. छोटी दुकाने कधी कधी परदेशी कार्ड घेत नाहीत, तेव्हा प्रत्येकाजवळ पाच-दहाच्या नोटांत पन्नासेक युरो रोख असावेत.

रात्री दहानंतर शांतता हा तिथे कायद्याचा विषय आहे. जुन्या बर्लिनमधल्या इमारती मधल्या चौकाभोवती बांधलेल्या असतात. चौकात पाचसहा जणांनी साध्या आवाजात मारलेल्या गप्पा चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत स्पष्ट ऐकू जातात. आपल्या पोळांतून, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या गल्ल्यांतून, आणि वाड्यांतून वाढलेल्या मुलांना रात्री अकराला अंगणात बसणे अगदी स्वाभाविक वाटते, म्हणून केवळ ‘आवाज करू नका’ असे न सांगता पहिल्या संध्याकाळी एकाला वरच्या खिडकीत उभे करून बाकीच्यांना खाली बोलायला लावावे. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना यातून ध्वनीविषयी शिकायलाही मिळते.

घरच्या फोनविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. पहिले दोन दिवस नवलाईत जातात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घराची आठवण दाटून येते. विद्यार्थी ती शब्दांत सांगत नाही. तो जेवण अर्धे टाकतो, डोके दुखते म्हणून खोलीतच थांबतो, मोबाइलवर बडोद्यातल्या मित्रांची छायाचित्रे पाहत राहतो. त्याच वेळी घरून दिवसातून चारपाच फोन येत असतील तर त्याचे मन तिथे रुजतच नाही, आणि इकडे आईलाही त्याच्या प्रत्येक उसाशाची काळजी लागते. म्हणून पालकांशी असे ठरवून घ्यावे की दिवसातून एकच फोन होईल, बर्लिनच्या संध्याकाळी सहाला, म्हणजे बडोद्यात रात्री साडेनऊला, जेवणे आटोपल्यावर. शिक्षकांनी रोज रात्री पालकांच्या गटावर दोन ओळींचा निरोप टाकावा, त्यात सर्व जण जेवले आणि सर्व जण मुक्कामी आहेत एवढे असले तरी पुरते. मलूल झालेल्या मुलाला सर्वांसमोर काही विचारू नये. त्याला भाजी आणायला सोबत न्यावे, जेवणाची यादी त्याच्याकडे सोपवावी, चालता चालता त्याला बोलू द्यावे. उपदेशाची गरज सहसा पडत नाही. दोन रात्री झोप नाही आणि अन्नही नाही, अशी स्थिती असेल तर मात्र वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे आणि घरी आपण स्वतः फोन करून सांगावे.

आजारपणाची व्यवस्था थोडक्यात अशी. तातडीच्या प्रसंगी रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलासाठी ११२, पोलिसांसाठी ११०, आणि दवाखाने बंद असताना तातडीच्या नसलेल्या दुखण्यासाठी ११६११७. हे तिन्ही क्रमांक हाताने काढलेल्या नकाशावर लिहून घ्यावेत. प्रतिजैविके तिथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. नेहमीची औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत न्यावीत. मूळ पासपोर्ट मुक्कामाच्या कुलपाच्या कपाटात आणि छायाप्रत खिशात, शहराबाहेर जाताना मात्र मूळ पासपोर्ट जवळ. तो हरवल्यास आधी पोलिसांत नोंद करावी आणि मग टिअरगार्टन भागातील भारतीय दूतावास गाठावा.

निघण्यापूर्वीच्या सरावांपैकी मेट्रोचा उल्लेख वर आलाच आहे. दुसरा सराव सामानाचा. एका रविवारी सर्वांना प्रत्यक्ष भरलेल्या बॅगा घेऊन महाविद्यालयात बोलवावे आणि ज्याची बॅग त्याने, कोणाचीही मदत न घेता, तीन मजले चढवून दाखवावी. तिथे लिफ्ट बंद असू शकते, जुन्या इमारतीत ती नसतेही, आणि उचलणारे कोणी नसते. ज्याला जमत नाही तो त्याच दिवशी घरी जाऊन सामान कमी करतो. तिसरा सराव पालकांना दाखवण्यासाठी आहे: जोड्यांना जुन्या बडोद्यातल्या मांडवीला सोडून, रिक्षा न करता आणि फोनवर नकाशा न पाहता, सयाजीगंजातल्या ‘काळा घोडा’ या पुतळ्यापाशी यायला सांगावे, आणि पालकांनी तिथेच थांबावे. लहरीपुरा दरवाजातून कोण बाहेर पडले, कोण भलत्याच गल्लीत शिरले, कोणी रस्ता विचारला आणि कोण लाजला, हे ऐकल्यावर एकटे न सोडण्याच्या मागणीवर पालकांशी शांतपणे बोलता येते.

दौरा आखणाऱ्या संस्थेला आपण आताच लेखी कळवावे. शहरदर्शनाची बस चौथ्या दिवशी दुपारी हलवावी; तोपर्यंत मुलांना शहराची थोडी ओळख झालेली असल्याने ती नीट पाहतील आणि प्रश्नही विचारतील. पॉट्सडॅम पाचव्या दिवशी ठेवावे, मात्र तो सोमवार येऊ देऊ नये, कारण तिथला सांसूसी राजवाडा सोमवारी बंद असतो. त्याची प्रवेशपत्रे ठरावीक वेळेची असतात, त्यामुळे तारीख बदलायची ती लवकर बदलावी. देसाऊला प्रादेशिक गाडीने दीड तासाहून अधिक लागतो आणि १९२६ साली उघडलेली बाऊहाऊस या कला-वास्तुकला शिकवणाऱ्या संस्थेची इमारत आपल्या विद्यार्थ्यांसाठी या दौऱ्यातली सर्वांत महत्त्वाची वास्तू आहे. तिला पेंगत्या डोळ्यांनी भेट देण्यात अर्थ नाही, दुसऱ्या आठवड्यात पूर्ण दिवस द्यावा. संस्थेने बदलाचे शुल्क मागितले तर ते किती आहे हे विचारून पालकसभेत मांडावे; माझ्या अनुभवात, कारण नीट समजावून दिले की पालक ते द्यायला तयार होतात.